कान्ना: जपानी लाकडी रंधा आणि त्याचा ठोकळा घडवणं

कान्ना म्हणजे जपानी सुतारांचा हातरंधा. लाकडाचा एक लांबट ठोकळा, त्यात तिरकं बसवलेलं जाड पोलादी पातं, आणि बहुतेक वेळा पात्यावर टेकणारी एक छोटी दुसरी पट्टी, बस. मूठ नाही, स्क्रू नाही, आपल्या रंध्यात पातं धरून ठेवायला जी लाकडी पाचर ठोकतात तीही नाही. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे आपला सुतार रंधा पुढे ढकलतो, जपानी सुतार तो स्वतःकडे ओढतो. ठोकळ्याला जपानीत दाइ म्हणतात आणि ही नोंद मुख्यतः त्या दाइबद्दल आहे, कारण कान्नाबद्दल वाचायला गेलं की पात्याचं आणि लोहाराचंच कौतुक सापडतं, ठोकळ्याबद्दल दोन ओळी असतात, आणि खरं सांगायचं तर ठोकळा नीट नसेल तर जगातलं सर्वोत्तम पातंसुद्धा लाकूड नुसतं ओरबाडतं.

जपानमध्ये हा रंधा तसा उशिरा आला. त्याआधी कित्येक शतकं तिथले सुतार यारी-गान्ना वापरायचे, म्हणजे लांब दांड्याला भाल्याच्या टोकासारखं वाकडं पातं, दोन्ही हातांनी धरून लाकूड तासायचं, आणि त्याचे हलके पन्हळीसारखे ठसे पृष्ठभागावर राहायचे. नारा भागातली जुनी देवळं याच हत्याराने तासलेली आहेत. ठोकळ्यातला रंधा साधारण पंधराव्या-सोळाव्या शतकात आशियाच्या मुख्य भूमीवरून तिकडे पोचला, आणि तो आला तेव्हा ढकलायचाच होता, पुढे जपानी सुतारांनी तो ओढायचा केला. यारी-गान्ना हळूहळू विसरला गेला. विसाव्या शतकात होर्यूजी मंदिराचे सुतार त्सुनेकाझू निशिओका (१९०८–१९९५) यांनी जुन्या लाकडावरचे ठसे बघून तो पुन्हा घडवून घेतला आणि नारामधल्याच याकुशीजी मंदिराच्या पुनर्बांधणीत वापरला, तिथलं मुख्य सभागृह १९७६ मध्ये पूर्ण झालं.

आता पातं, कारण ठोकळा पात्यावरूनच ठरतो. कान्नाचं पातं दोन धातूंचं असतं. धारेच्या बाजूला कडक पोलादाचा पातळ थर (हागाने) आणि त्याच्या पाठीला मऊ लोखंड (जिगाने), दोन्ही भट्टीत तापवून ऐरणीवर ठोकून एकजीव केलेले. मऊ लोखंडासाठी जहाजांच्या नांगरांचे जुने साखळदंड किंवा जुन्या पुलांचं लोखंड शोधून वापरणारे लोहार होते, कारण ते धार लावताना दगडावर चटकन झिजतं आणि मेहनत कमी लागते. पोलादाच्या सपाट बाजूला मधे उथळ खळगा कोरलेला असतो, त्याला उरा म्हणतात, त्यामुळे दगडावर फक्त कडाच घासाव्या लागतात. धार लावून लावून खळगा धारेपर्यंत पोचला की मऊ लोखंडाच्या बाजूने हातोडीने अगदी हलके ठोके देऊन पोलाद थोडं बाहेर काढतात आणि पुन्हा सपाट करतात. हे ठोके चुकून पोलादावर पडले तर धारेला तडा जातो, त्यामुळे नवशिक्याचा पहिल्यांदा हात थरथरतोच.

हे लोहार कोण, तर बरेचसे तलवारी बनवणाऱ्या घराण्यांमधले. १८७६ मध्ये जपानी सरकारने लोकांना तलवार बाळगून फिरायला बंदी केली आणि त्या धंद्यातलं कसब सुतारकामाच्या हत्यारांकडे वळलं. चियोझुरू कोरेहिदे (१८७४–१९५७) हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव, तलवारकारांच्या घराण्यात जन्मले आणि आयुष्यभर रंध्यांची पाती, पटाश्या, सुऱ्या घडवल्या. आजही ह्योगोमधलं मिकी आणि निइगातामधली सानजो व योइता ही गावं या कामासाठी ओळखली जातात. पात्यावर लोहाराचा शिक्का असतो. ठोकळा मात्र वेगळा कारागीर घडवतो आणि त्याचं नाव गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा माहीतही नसतं.

कान्नाची सगळी युक्ती पात्याच्या आकारात आहे. पातं वरच्या टोकाला जाड आणि धारेकडे पातळ होत जातं, म्हणजे पातं स्वतःच पाचर आहे. ठोकळ्याच्या आत दोन्ही बाजूच्या भिंतींना एकेक खाच असते, पात्याच्या कडा त्या खाचेत शिरतात आणि वरून हातोडी मारली की पातं आवळत आवळत खाली जातं. म्हणजे ते धरून ठेवणारं काम फक्त या दोन खाचा आणि मागचा उतार करतात, दुसरं काहीच नाही. म्हणूनच दाइ एकाच पात्यासाठी बनते, त्याच मापाचं दुसरं पातं घातलं तर ते एकतर ढिलं बसेल नाहीतर अर्ध्यातच अडकेल, कारण हाताने घडवलेली दोन पाती कधीच तंतोतंत सारखी नसतात.

लाकूड ओकचं. शिराकाशी म्हणजे फिकट रंगाचा सदाहरित ओक हा नेहमीचा, आणि आकागाशी हा तांबूस. दोन्ही जड, चिवट, घासल्यावर लवकर न झिजणारे. सरळ रेषांचा, गाठ नसलेला तुकडा लागतो आणि तो वर्षानुवर्षं सावलीत वाळवलेला हवा. घाई केली तर पुढे ठोकळा पिळतो, आणि पिळलेला ठोकळा कितीही घासा, पुढच्या ऋतूत पुन्हा पिळणारच. झाडाच्या सालीकडची बाजू खाली, म्हणजे कामाच्या लाकडावर टेकणाऱ्या तळाला ठेवायची ही रूढ पद्धत, आणि तळाचे तंतू असे हवेत की ओढताना ते गुळगुळीत झोपतील, उभे राहणार नाहीत. ७० मिमी रुंद पात्यासाठी ठोकळा साधारण २९ सेंमी लांब असतो, जाडी चार सेंमीच्या थोडी आत, रुंदी म्हणजे पातं अधिक दोन्हीकडे जेमतेम एक-एक सेंमी भिंत.

आधी चारही बाजू काटकोनात आणतात, इथे चूक राहिली तर ती शेवटपर्यंत सोबत येते. मग आखणी. तोंड, म्हणजे पात्याची धार जिथून तळाबाहेर डोकावते ती फट (हागुची), मधोमध नसते, ओढणाऱ्याच्या बाजूला ठोकळ्याचा जास्त भाग राहतो. पात्याचा उतार जपानी सुतार अंशात सांगत नाहीत, ते आडवं दहा आणि उभं किती असं सांगतात. नेहमीचा उतार आठ सुनचा (सुन हे लांबीचं जपानी माप), म्हणजे आडवं १० आणि उभं ८, कोनात सांगायचं तर साधारण साडेअडतीस अंश. हिनोकी, सुगी अशा मऊ लाकडाला हा छान, कठीण लाकडाला जास्त उभा ठेवतात. रेघा पेन्सिलीने मारत नाहीत, सुरीच्या टोकाने कापतात, म्हणजे पटाशी नेमकी त्या चिरेत बसते.

मग कोरणं सुरू. वरून मोठं भोक, मागच्या बाजूला पात्याचा उतार आणि पुढच्या बाजूला छिलका वर यायला जागा. रेघेपासून एखाद-दोन मिमी अलीकडेच थांबायचं, ओक कठीण असतो आणि पटाशी जोरात मारली की तंतू रेघेच्या पलीकडे फाटतात. तळाकडून तोंड मात्र अगदी शेवटी आणि अगदी अरुंद उघडायचं. वरचं भोक थोडं वेडंवाकडं झालं तर चालून जातं, तोंड रुंद झालं की झालंच, लाकूड परत भरता येत नाही. ते अरुंद का हवं, तर पात्याच्या पुढे लाकूड दाबून धरायला कुणीतरी लागतं, नाहीतर छिलका निघायच्या आधीच पुढचे तंतू उचकटतात.

खाचा हा सगळ्यात नाजूक भाग. दोन्ही भिंतींत दोन-दोन काप घ्यायचे, एक मागच्या उताराच्या रेषेवर आणि एक पात्याच्या वरच्या पृष्ठभागाच्या रेषेवर, आणि हे दोन काप समांतर नसतात, पातं जसं खाली निमुळतं होतं तसे तेही जवळ येतात. भोकात करवत चालवायला जागाच नसते म्हणून आखूड, फुगीर कडेची अझेबिकी करवत वापरतात. मधलं लाकूड बारीक पटाशीने काढायचं. जाडीत खाच घट्ट हवी पण रुंदीत सैल, दोन्हीकडे थोडी मोकळी जागा सोडायची. एक तर पातं डावीउजवीकडे किंचित तिरकं करता यावं म्हणून, आणि दुसरं म्हणजे हवा कोरडी झाली की ओक आडवा आटतो, पोलाद आटत नाही, मग रुंदीत घट्ट बसवलेलं पातं ठोकळा सरळ उभा फोडतं. दमट हवेत बनलेला कान्ना कोरड्या मुलखात नेला की हे होऊ शकतं, त्यामुळे नवीन कान्ना घरी आला की आधी पातं ढिलं करून ठेवावं आणि ठोकळ्याला काही दिवस तिथल्या हवेची सवय होऊ द्यावी.

आता पातं बसवणं, आणि माझ्या मते दाइ बनवण्याचं खरं काम हेच, बाकी सगळी तयारी. पात्याच्या पाठीला तेलात कालवलेली काजळी किंवा पेन्सिलीच्या शिशाची पूड पातळ लावायची, पातं खाचेत सरकवून हलके ठोकायचं, मग काढायचं. काढायची रीत अशी की ठोकळ्याच्या मागच्या टोकाच्या कोपऱ्यांवर हातोडी मारायची, ठोकळा पुढे सरकतो आणि पातं जागच्या जागी राहून बाहेर येतं. आत उतारावर जिथे काळा डाग दिसेल तिथे लाकूड उंच आहे, तेवढंच पटाशीने खरवडायचं. कागदापेक्षाही पातळ पापुद्रा. पुन्हा काजळी, पुन्हा ठोकणं, पुन्हा काढणं. पात्याची पाठ लांबीत किंचित खोलगट असते त्यामुळे उतारही सपाट चालत नाही, मधे थोडा फुगीर ठेवावा लागतो. असं करत करत डाग सगळीकडे सारखे, विशेषतः तोंडाजवळ आणि दोन्ही खाचांच्या बाजूने, दिसायला लागले की समजायचं बसलं. हाताने दाबलेलं पातं तोंडाच्या काही मिलिमीटर आधी थांबावं आणि उरलेला प्रवास हातोडीने व्हावा. या वेळी घाईने जास्त खरवडलं गेलं तर पातं ढिलं, मग उतारावर कागदाची पट्टी चिकटवून वेळ मारून नेतात, जुने कारागीरही हे करतात, त्यात लाज नाही.

जपानमध्ये मूळचा कान्ना एका पात्याचा. वरची दुसरी पट्टी, उरागाने, मेइजी काळात (१८६८–१९१२) आली आणि तिच्यासाठी ठोकळ्याच्या भिंतींतून आडवी लोखंडी कांब घालतात, पट्टी त्या कांबेखाली अडकते. या पट्टीमागच्या तत्त्वाचा अभ्यास यामागाता विद्यापीठातल्या काटो आणि कावाई या प्राध्यापकांनी कॅमेऱ्याखाली केला. पट्टी धारेपासून मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी मागे आणि तिची कड ८० अंशांच्या आसपास उभी असली की छिलका वळतो, तुटतो, आणि उलट्या तंतूंचं लाकूडसुद्धा उचकटत नाही. उरागाने नीट लावली तर तोंड फार अरुंद नसलं तरी निभतं, एकाच पात्याच्या कान्नात मात्र सगळी भिस्त तोंडावर.

शेवटी तळ. नवख्याला वाटतं तळ आरशासारखा सपाट हवा. तसं नसतं. तळ फक्त दोन ठिकाणी लाकडाला टेकतो, ओढणाऱ्याकडच्या टोकाला आणि तोंडाच्या अगदी पुढे, बाकी सगळा केसाएवढा खोल खरवडतात. फळ्यांच्या कडा सरळ करायच्या लांब कान्नाला मागच्या टोकाला तिसरी टेकण्याची जागा ठेवतात. हे खरवडायला वेगळा छोटा कान्ना असतो ज्याचं पातं जवळपास उभंच, तो आडवा ओढायचा आणि सरळ पट्टी लावून उजेडाकडे धरून फटी बघायच्या, सरळ आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकीही, म्हणजे पीळ कळतो. आणि हे सगळं पातं आत ठोकलेलं असतानाच करायचं, धार मात्र तळाच्या जरा आत ओढून. कारण पातं आवळलं की ठोकळा वाकतो, तोंडाच्या मागे तळ फुगतो, रिकाम्या ठोकळ्याचा तळ कितीही सुंदर केला तरी पातं घातल्यावर तो दुसराच झालेला असतो. ही गोष्ट कुणी आधी सांगितली नाही तर माणूस महिनोन्‌महिने पात्यालाच दोष देत धार लावत बसतो.

चालवताना कान्ना हाताने ओढत नाहीत, कमरेने ओढतात. लांब तुळई असेल तर सुतार मागे मागे चालत जातो आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच अखंड छिलका निघतो. पॉलिशपेपर लागत नाही, हिनोकीचं लाकूड नुसत्या रंध्यानेच चमकतं, आणि तंतू स्वच्छ कापलेले असल्यामुळे त्यावर पाणी टाकलं तर थेंब होऊन राहतं. केझुरोकाई नावाच्या मंडळाच्या मेळाव्यांत सुतार एकमेकांशी छिलक्याच्या पातळपणाची स्पर्धा लावतात, तिथे मोजणी मायक्रॉनमध्ये होते आणि दहा मायक्रॉनच्या खालचे छिलके निघतात, माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड. अशा स्पर्धेत उतरणारे लोक तळ सकाळी एकदा आणि हवा बदलली की पुन्हा खरवडतात. पावसाळी दिवसाचा तळ उन्हाच्या दिवशी चालत नाही. ठोकळ्याला तेल पाजून ओलाव्यापासून वाचवण्याची पद्धतही आहे, काहींना ती पटते, काही म्हणतात तेलाने ठोकळा जड आणि बुळबुळीत होतो.

हे सगळं प्रत्यक्ष बघायचं असेल तर कोबे शहरातलं ताकेनाका सुतारी हत्यारांचं संग्रहालय, १९८४ मध्ये सुरू झालेलं, तिथे यारी-गान्नापासून कोरेहिदेंच्या पात्यांपर्यंत सगळं मांडलेलं आहे.

दाइ झिजते. प्रत्येक वेळी तळ खरवडला की ठोकळा थोडा पातळ होतो, आणि पातं तिरकं असल्यामुळे तळ वर सरकला की तोंड रुंद होत जातं. मग तोंडापुढे कठीण लाकडाचा छोटा तुकडा खाचेत चिकटवून तोंड पुन्हा अरुंद करतात, आणखी काही वर्षं चालतं. पुढे तोही पर्याय संपतो आणि त्याच पात्यासाठी नवा ओक निवडला जातो, पुन्हा काजळी लावून पहिल्यापासून. रोजच्या कामातलं चांगलं पातं असे अनेक ठोकळे बघतं, धार लावून लावून ते बोटभर उरतं तेव्हा त्याच्यावरचा लोहाराचा शिक्का अजून वाचता येतो, आणि ज्यात ते शेवटचं बसलं होतं त्या ठोकळ्यावर बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं.