फेरो मँगनीज आणि सिलिको मँगनीज: मँगनीज तेच, पण सोबत काय येतं?

दोन्ही पोलादात घालायचे मिश्रधातू: राखाडी, ठिसूळ, दगडाच्या खडीसारखे तुकडे. दोन्ही लोखंडापेक्षा मँगनीजनेच जास्त भरलेले. वितळलेलं पोलाद भट्टीतून लॅडलमध्ये, म्हणजे ते झेलायच्या मोठ्या भांड्यात, ओतलं जात असताना दोन्ही त्यात टाकले जातात. त्यामुळे या धंद्यात नवीन आलेला माणूस फेरो मँगनीज आणि सिलिको मँगनीज ही एकाच मालाची दोन नावं समजतो. थोडा जुना झाला, की ‘सिलिको म्हणजे जरा कमी मँगनीजचा स्वस्त माल’ म्हणू लागतो. ही दुसरी समजूत मला पहिलीपेक्षा जास्त घातक वाटते, कारण तिच्यात थोडं तथ्य आहे.

आधी आत काय असतं ते पाहू. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या हाय कार्बन फेरो मँगनीजमध्ये साधारण ७५ टक्के मँगनीज आणि ७ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. सिलिकॉन जेमतेम टक्काभर. नेहमीच्या सिलिको मँगनीजमध्ये मँगनीज ६५ टक्क्यांच्या आसपास, सिलिकॉन १६ ते १८ टक्के आणि कार्बन दीड-दोन टक्के. उरलेलं बहुतेक लोखंड. मँगनीजमधला फरक दहा टक्क्यांचाच आहे. खरा फरक मँगनीजबरोबर काय आत शिरतं यात आहे: एकात कार्बन, दुसऱ्यात सिलिकॉन. एकाच मिश्रधातूत दोन्ही भरपूर मिळत नाहीत, कारण वितळलेल्या धातूत सिलिकॉन वाढला की कार्बन विरघळायला जागा राहत नाही. सिलिको मँगनीजमधला कार्बन त्यामुळेच कमी, तो कुणी वेगळा काढून टाकलेला नसतो.

मुळात पोलादाला मँगनीज लागतं कशाला? पहिलं कारण गंधक. गंधकाला मँगनीज भेटलं नाही, तर तो लोखंडाशी जुळतो आणि त्या दोघांचं मिश्रण ९८८ अंश सेल्सिअसलाच वितळतं. रोलिंग होतं ११००-१२०० अंशांवर. म्हणजे रोलच्या दाबाखाली पोलादाच्या कणांमधल्या सीमा आतून ओल्या झालेल्या असतात आणि लाल तापलेला तुकडा फाटतो. मँगनीज असलं, की गंधक त्याच्याशी जुळतो आणि तयार होणारं सल्फाइड त्या तापमानाला घट्टच राहतं. बेसेमरच्या पद्धतीने बनलेलं सुरुवातीचं पोलाद हातोड्याखाली फुटायचं, तेव्हा रॉबर्ट मशेटने १८५६ मध्ये त्यात स्पीगेलआयझेन, म्हणजे मँगनीज आणि कार्बन असलेलं ओतीव लोखंड, घालायचा उपाय सुचवला. आजच्या फेरो मँगनीजचा तो पूर्वजच. आजही जगातलं सुमारे ९० टक्के मँगनीज पोलादाकडेच जातं.

दुसरं कारण ऑक्सिजन, आणि इथे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. ऑक्सिजन पकडण्यात मँगनीज एकटं कमजोर आहे. सिलिकॉन ताकदवान, पण तो एकटा असला तर सिलिकाचे, म्हणजे सिलिकॉनच्या ऑक्साइडचे, बारीक, घट्ट कण बनतात आणि ते पोलादातच अडकून राहतात. दोघं योग्य प्रमाणात एकत्र आले, की मँगनीज सिलिकेटचे द्रव थेंब तयार होतात. थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात, वर येतात आणि स्लॅगमध्ये, म्हणजे धातूवर तरंगणाऱ्या मळीत, जातात. शिवाय मँगनीज सोबत असताना सिलिकॉन ऑक्सिजनही आणखी खाली आणतो. सिलिको मँगनीजमध्ये ही जोडी आधीच एका खड्यात बांधलेली असते. फेरो मँगनीज वापरलं तर सिलिकॉनसाठी फेरो सिलिकॉन वेगळं टाकावं लागतं.

एका हीटचा, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघणाऱ्या पोलादाचा, हिशोब मांडून बघू. १०० टन पोलाद आहे आणि मँगनीज ०.८० टक्क्याने वाढवायचं आहे, म्हणजे ८०० किलो मँगनीज आत जायला हवं. रिकव्हरी, म्हणजे टाकलेल्यापैकी पोलादात प्रत्यक्ष उतरणारा वाटा, ९० टक्के धरली, तर ७५ टक्क्यांचं फेरो मँगनीज सुमारे १,१८५ किलो लागेल. त्यासोबत ८३ किलोच्या आसपास कार्बन येईल, म्हणजे पोलादात ०.०८ टक्के कार्बनची भर. तेच मँगनीज ६५/१७ च्या (६५ टक्के मँगनीज, १७ टक्के सिलिकॉन) सिलिको मँगनीजमधून द्यायचं तर १,३७० किलो माल लागेल. कार्बन येईल जेमतेम २५ किलो, पण सिलिकॉन २३० किलोच्या वर. काही जळून गेला तरी पोलादात ०.२ टक्क्याच्या आसपास सिलिकॉन बसतो.

बांधकामाच्या सळईला एवढा सिलिकॉन हवाच असतो. म्हणून सळया आणि अँगल बनवणाऱ्या भट्ट्यांवर सिलिको मँगनीजचं राज्य आहे. इथे भावाची तुलना करताना एक चूक हमखास होते: फेरो मँगनीजच्या एका टनाचा भाव सिलिको मँगनीजच्या एका टनाच्या भावासमोर ठेवला जातो. वरच्या हीटमध्ये १,३७० किलो सिलिकोसमोर १,१८५ किलो फेरो मँगनीज अधिक ७५ टक्क्यांचं सुमारे ३१० किलो फेरो सिलिकॉन अशी बेरीज ठेवायला हवी. फक्त मँगनीजच्या टक्क्यावर भाव काढणारा खरेदीदार सिलिकॉनची किंमत शून्य धरतो.

मग सगळीकडे सिलिकोच का नाही? कारण काही पोलादांना सिलिकॉन चालत नाही. गाड्यांच्या दारांसाठी खोल दाबून आकार द्यायचा पातळ पत्रा सिलिकॉनने कडक होतो, म्हणून त्याचा ऑक्सिजन ॲल्युमिनियमने काढतात. गरम जस्तात बुडवायच्या पोलादाची अडचण आणखी चमत्कारिक आहे. सिलिकॉन साधारण ०.०४ ते ०.१२ टक्क्यांच्या पट्ट्यात पडला, तर जस्त आणि लोखंडाची प्रक्रिया आवरत नाही आणि लेप जाड, करडा, ठिसूळ बसतो. या पोलादांना हाय कार्बन फेरो मँगनीजमधला कार्बनही नको असतो. तिथे मीडियम किंवा लो कार्बन फेरो मँगनीज लागतं, आणि ते महाग. गंमत म्हणजे लो कार्बन फेरो मँगनीज बनवायला बहुधा सिलिको मँगनीजच कच्चा माल म्हणून वापरतात: त्यातला सिलिकॉन मँगनीजच्या खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो, आणि कार्बन मुळातच कमी असल्याने तो काढत बसावं लागत नाही.

उलट टोकाला हॅडफिल्ड पोलाद आहे: रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२ मध्ये शोधलेलं, मार खाऊन आणखी कडक होणारं. क्रशरचे जबडे आणि रेल्वेची क्रॉसिंगं त्याची असतात. त्यात सुमारे १२-१३ टक्के मँगनीज आणि १.२ टक्क्यांच्या आसपास कार्बन हवा. एका टनात १२.५ टक्के मँगनीज द्यायला १६७ किलो हाय कार्बन फेरो मँगनीज लागतं, आणि त्यातून येणारा कार्बन भरतो जवळपास ११.७ किलो. घट बाजूला ठेवली, तर कार्बन आपोआपच मापात बसला! पत्र्याच्या कारखान्यात नकोसा असलेला तोच कार्बन इथे फुकटात मिळालेला माल ठरतो.

भट्टीच्या बाजूने पाहिलं, तर हे दोघं स्पर्धकांपेक्षा नातेवाईकच जास्त वाटतात. दोन्ही प्रामुख्याने सबमर्ज्ड आर्क भट्टीत बनतात: इलेक्ट्रोडची टोकं खनिज आणि कोकच्या ढिगात बुडलेली. सिलिको मँगनीजला क्वार्टझ, म्हणजे सिलिकाचा दगडही लागतो आणि सिलिका फोडायला तापमान जास्त लागतं, म्हणून टनामागे वीजही बरीच जास्त जाते. वीज महागली, की आधी सिलिकोवाला हवालदिल होतो.

फेरो मँगनीजच्या स्लॅगमध्ये अनेकदा ३०-४० टक्के मँगनीज ऑक्साइड शिल्लक ठेवतात, तेही जाणूनबुजून. हा स्लॅग फोडून सिलिको मँगनीजच्या भट्टीत जातो. यात फॉस्फरसची एक छुपी खुबी आहे. खनिजातला फॉस्फरस पहिल्या भट्टीत जवळजवळ सगळा धातूत, म्हणजे फेरो मँगनीजमध्ये, उतरतो आणि स्लॅग स्वच्छ राहतो. त्या स्लॅगवर चालवलेल्या सिलिको मँगनीजमध्ये म्हणूनच फॉस्फरस कमी असतो. एकदा मिश्रधातूत शिरलेला फॉस्फरस बाहेर काढायला परवडणारी वाट नाही, त्यामुळे खरेदीच्या करारात त्याचा आकडा मँगनीजइतक्याच बारकाईने वाचायला हवा.

राहता राहिला यार्डातला घोळ. रंगावर विसंबू नये. फेरो मँगनीजच्या फुटलेल्या बाजूवर हवेने पिवळसर-निळी झाक येते आणि सिलिको जास्त चंदेरी दिसतं, पण धूळ बसली की दोन्ही सारखेच. वजनाचा अंदाज बरा: सारख्या आकाराचा सिलिकोचा खडा हाताला हलका लागतो. क्ष-किरणांनी घटक ओळखणाऱ्या हातातल्या एक्सआरएफ यंत्राला कार्बन दिसतच नाही, तेव्हा लॉटचा नमुना प्रयोगशाळेत जायलाच हवा. सळईच्या हीटमध्ये सिलिकोच्या जागी चुकून फेरो मँगनीज पडलं, तर मँगनीज बरोबर भरेल, पण कार्बन चढेल आणि सिलिकॉनअभावी ऑक्सिजन राहून बिलेटला, म्हणजे पोलादाच्या ओतलेल्या चौकोनी दांड्याला, सुईच्या टोकाएवढी भोकं पडतील. सिलिकॉन लॅडल फर्नेसवर, म्हणजे लॅडलमधलं पोलाद तापवून सुधारायच्या ठिकाणी, नंतरही देता येतो. चढलेला कार्बन मात्र पुन्हा ऑक्सिजन फुंकल्याशिवाय उतरत नाही, आणि ऑक्सिजन फुंकला की नुकतंच घातलेलं मँगनीजही स्लॅगमध्ये जातं. मेल्टर, म्हणजे भट्टी चालवणारा, मग ती हीट जास्त कार्बन चालणाऱ्या दुसऱ्या एखाद्या ग्रेडमध्ये वळवता येते का, ते शोधतो.