जुन्या जीन्समधून बैठका आणि गाद्यांची कव्हरं : कापड आणण्यापूर्वी एवढं वाचा

गणपतीला किंवा मे महिन्यात आलेले चाकरमानी परत जाताना घरात एक तरी गाठोडं सोडून जातात आणि त्यात निम्म्या जीन्स असतात. कुणाचा गुडघा फाटलेला, कुणाची चेन गेलेली, कुणी अंगाने सुटलेला. पण पायाचं कापड अजून धडधाकट. या कापडातून झोपाळ्याची गादी, जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांच्या बैठका आणि लाकडी सोफ्याच्या सुट्या गाद्या उत्तम होतात. सगळंच होतं असं मात्र नाही. काम आम्हांला द्या किंवा घरच्या मशीनवर करा, मापं आणि अडचणी त्याच आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडे कोकणात असं कव्हर झिजून खराब होण्याआधी ओलीने खराब होतं. म्हणून जिथे जमेल तिथे ठोकून बसवलेलं नव्हे, तर काढता-घालता येणारं कव्हर करा, असाच आमचा आग्रह असतो.

कापड पारखायचं कसं

जीन्समध्ये उभा धागा निळा आणि आडवा पांढरा असतो. निळा धागा तीन पांढऱ्यांवरून जातो आणि एकाखालून, म्हणून सुलट बाजू निळी आणि उलट बाजू पांढुरकी दिसते. गुडघ्यावर फाटलेली एखादी जीन्स जवळून बघा. भोकात जे पांढरे दोरे आडवे लोंबत असतात, ते आडवे धागे टिकलेले असतात. उभे निळे धागे झिजून तुटून गेलेले असतात. म्हणजे भोक पडण्याआधीच त्या जागी कापडाची उभी ताकद संपलेली असते.

नुसता रंग उडणं वेगळं. नीळ धाग्याच्या वरच्या थरातच बसते, गाभा पांढराच राहतो. त्यामुळे फिकं पडलेलं कापड कमकुवत असेलच असं नाही. खरी परीक्षा खिडकीत होते. कापड उजेडावर धरा, सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तो भाग बाद. मग दोन्ही अंगठे शेजारी शेजारी ठेवून कापड उभं आणि आडवं जोरात ताणा. चर्र आवाज आला तर तोही भाग बाद. मांड्यांच्या आतली बाजू आणि बुडाचा भाग बहुतेक वेळा इथेच नापास होतो. पोटरीकडचा आणि पायाच्या मागच्या बाजूचा भाग सगळ्यांत चांगला निघतो.

कापडाचं वजनही बघा. १४ बाय २८ इंचाचा तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. १०० ग्रॅमच्या आसपास भरला तर ते बैठकीचं कापड. ७० ग्रॅमच्या खाली गेला तर उशीचे अभ्रे किंवा गादीच्या कडेच्या पट्ट्या करा, बैठक नको. जाड आणि पातळ तुकडे एकाच बैठकीत शेजारी जोडू नका. ताण सगळा जोडावर येतो आणि पातळ तुकडा शिवणीलगत फाटतो. शिवण शाबूत राहते आणि कापड जातं.

आतल्या लेबलवर इलॅस्टेन, स्पॅन्डेक्स किंवा लायक्रा लिहिलेलं असेल तर ती ताणणारी जीन्स. आकडा एक ते तीन टक्के एवढाच दिसतो, पण तेवढा पुरे होतो. जुनी झाली की ती ताणते, पण परत येत नाही, आणि महिन्याभरात बैठकीला पोटं सुटतात. तीच वापरायची असेल तर मागून मांजरपाट जोडून वापरा किंवा फक्त कडेच्या पट्टीला घ्या.

वर्षानुवर्षं ट्रंकेत पडून राहिलेली काळी जीन्स जपून तपासा. काळ्याला बहुधा गंधकी रंग असतो. दमट, उबदार जागी असा रंग पडून राहिला की त्यातून सूक्ष्म आम्ल सुटतं आणि सूत आतून कुजकं होतं. कापड दिसायला कोरं, हातात घेतलं की कागदासारखं फाटतं.

रंगाचा प्रश्न

पांढरा रुमाल ओला करून पिळा आणि कापडावर दहा वेळा घासा. रुमाल निळा झाला तर ते कापड अजून गणपतीला येणाऱ्या पाहुण्यांच्या पांढऱ्या लेंग्याखाली जायला तयार नाही. मीठ किंवा व्हिनेगर घातलं की रंग पक्का होतो असं सगळेच सांगतात. निळीच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही. नीळ पाण्यात विरघळत नाही, ती धाग्यावर बसलेली असते आणि घासली की सुटते. उपाय एकच: पाणी स्वच्छ निघेपर्यंत साबणाने तीन-चार वेळा धुणं. खूप वापरलेल्या जीन्सची ही अडचण मुळातच कमी असते.

किती जीन्स लागतील

मोठ्या माणसाच्या, कंबर ३२ ते ३४च्या, सरळ पायाच्या जीन्समधून प्रत्येक पायाचा १४ बाय २८ इंचाचा एक तुकडा निघतो. दोन पाय मिळून साधारण अर्धा चौरस मीटर. गुडघा फाटलेला असेल तर हिशोब दीडपट धरा. घोट्याशी निमुळत्या होणाऱ्या जीन्समधून याच्या निम्मंच मिळतं.

खुर्चीची बैठक, १८ बाय १८ इंच, वर २ इंच फोम: चारही बाजूंना फोमच्या जाडीचे २ आणि खाली वळवायचे २ असे ४-४ इंच धरले की २६ बाय २६ इंच कापड लागतं. दोन तुकडे शेजारी जोडले की दोन्हींची अर्धा-अर्धा इंच माया (शिवणीत जाणारी कड) जाऊन २७ बाय २८ मिळतं. म्हणजे एका खुर्चीला एक जीन्स. सहा खुर्च्यांना सहा, आणि एक हाताशी जास्त ठेवा.

झोपाळ्याची गादी, ६ फूट बाय २ फूट, ३ इंच जाड: वरच्या बाजूला सहा तुकडे आडवे लागतात, म्हणजे तीन जीन्स. कडेची पट्टी १९२ इंच लांब; ४ इंच रुंदीच्या आठ पट्ट्या जोडून ती होते, त्याला दीड जीन्स. एकूण पाच आणा. खालची बाजू जीन्सची करू नका. झोपाळ्याची फळी सलग असते, हवा लागत नाही आणि जाड कापड खालून ओलं ते ओलंच राहतं. खाली दुहेरी मांजरपाट किंवा जाडी खादी घाला.

लाकडी सोफ्याची सुटी गादी, २२ बाय २२ बाय ४ इंच: वरच्या बाजूला एक आणि कडेच्या पट्टीला एक अशा दोन जीन्स, खाली साधं कापड. तीन बैठका आणि तीन पाठी मिळून बारा जीन्स लागतात. एवढ्या एका छटेच्या मिळत नाहीत. छटा जुळवत बसण्यापेक्षा गडद आणि फिकं मुद्दाम आळीपाळीने लावा. चुकून जवळपास आलेल्या दोन छटा डोळ्याला खुपतात, उघड वेगळ्या लावलेल्या खुपत नाहीत.

कापणं

पायाची आतली शिवण कापा, बाहेरची ठेवा. बहुतेक जीन्समध्ये आतली शिवण दुमडून दुहेरी टीप मारलेली, जाड असते. बाहेरची त्यामानाने सपाट, बैठकीत टोचत नाही. उघडलेला पाय इस्त्री करून पसरला की दिसेल, बाहेरची शिवण घोट्याशी एका बाजूला सरकलेली असते. तिरक्या विणीचं कापड धुतल्यावर पिळतं, म्हणून हे होतं. तिच्या भरवशावर माप घेतलं तर तुकडा वाकडा निघतो. कडेला एक पांढरा आडवा धागा सुईने उचलून पूर्ण ओढून काढा. जी रेघ उमटते ती खरी आडवी, त्यावरून कापा.

बैठकीत निळा धागा पुढून मागे जाईल असा तुकडा ठेवा. माणूस बसता-उठता घासतो तो त्याच दिशेने.

पितळी किंवा तांब्याची रिव्हेटं काढायच्या भानगडीत पडू नका, त्यांच्याभोवतीचं कापडच कापून टाका. सुई रिव्हेटवर आपटली की तुकडा डोळ्याकडे उडतो. लोखंडी बटण आणि चेनही काढाच. आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत त्याचा डाग शेजारच्या कापडावर उतरतो. मागचा खिसा मात्र जपून उसवा. झोपाळ्याच्या गादीच्या कडेला लावला तर चष्मा आणि पंख्याचा रिमोट त्यात छान राहतो. कमरेचा पट्टा उभा चिरून त्याचे गादी झोपाळ्याच्या कड्यांना बांधायला बंद शिवा. विकतच्या नाडीपेक्षा तो कितीतरी दणकट.

शिवणं

सुई १६ नंबरची, जाड जोड असतील तर १८. दोरा पॉलिस्टरचा. सुती दोरा ओलीत आधी कुजतो, मग कव्हर चांगलं असूनही शिवण सुटते. टीप ३ ते ४ मिलिमीटर. बारीक टीप कापडाला छिद्रं पाडून कमकुवत करते. माया अर्धा इंच, कडा इंटरलॉक करून घ्या, शिवण उघडून इस्त्री करा आणि सुलट बाजूने दोन्हीकडे एकेक टीप मारा.

शिवणीवर शिवण येते तिथे सहा-आठ थर होतात आणि सुई मोडते ती तिथेच. ती जागा फळीवर ठेवून हातोडीने ठोकून चपटी करा आणि तेवढा एक इंच पायमशीनचं चाक हाताने फिरवत पार करा. दाबपट्टीच्या मागे तेवढ्याच जाडीची घडी सरकवली की दाबपट्टी तिरकी होत नाही आणि टाके चुकत नाहीत. जुनी काळी पायमशीन हे काम नव्या हलक्या मशीनपेक्षा बरं करते, ती असेल तर विकू नका.

चेन प्लॅस्टिकची लावा, गादीच्या मागच्या लांब बाजूला. फोम कव्हरपेक्षा लांबी-रुंदीत अर्धा इंच मोठा कापा, कारण जीन्स ताणत नाही आणि बरोबर मापाचा फोम दोन महिन्यांत बसला की कव्हराला सुरकुत्या पडतात. बैठकीला फोम ४० डेन्सिटीचा घ्या. फोमवर आधी मांजरपाटाची खोळ चढवा. त्याशिवाय जीन्स फोमला चिकटून बसते आणि धुवायला काढली की परत घालताना घाम निघतो. सावरीचा कापूस उशीला छान, बैठकीला नाही. तो दबतो आणि गोळे होतात.

ठोकून बसवायचंच असेल तर

खुर्चीच्या सुट्या बैठका ठोकूनच बसवाव्या लागतात. इथे सगळ्यांत मोठी चूक म्हणजे साध्या लोखंडी चुका, म्हणजे बारीक खिळे. ओल लागली की त्या गंजतात, गंज सुतात उतरतो आणि सूत त्याभोवती जळल्यासारखं होतं. वरून कापड ठणठणीत आणि खाली चुकांच्या रांगेवर फाडल्यासारखं सुटलेलं, असा प्रकार होतो. स्टेनलेस स्टीलच्या १० मिलिमीटर स्टेपल्स किंवा पितळी चुका वापरा, दीड-दीड इंचावर.

आधी पुढच्या कडेच्या मध्यावर एक, मग मागच्या मध्यावर, मग दोन्ही बाजू. तिथून कोपऱ्यांकडे, आणि कोपरे शेवटी. एका बाजूने सुरुवात करून गोल फिरलात तर शेवटच्या कोपऱ्यात कापड तिरकं गोळा होतं. खाली जाड शिवण येईल तिथे स्टेपल मारू नका, ती अर्ध्यावर अडकते. बैठकीची फळी जांभ्याच्या चिऱ्यासारखी दाणेदार भुश्याची असेल तर ती आधी बदला. ती ओलीने फुगते आणि स्टेपल धरत नाही.

जी कामं आम्ही नुसत्या जीन्समध्ये घेत नाही

कापडाच्या झोळीची आरामखुर्ची. तिला सलग चार फुटांच्या आसपास कापड लागतं, पायाचा तुकडा २८ इंचांचा. म्हणजे मध्ये आडवा जोड आलाच, आणि आजोबांचं सगळं वजन त्याच जोडावर. तिथे कॅनव्हासच घाला. हौस असेल तर वर डोक्याशी जीन्सची उशी लावून देऊ. पावसाची झड येते त्या पडवीतली बाकंही नको, तिथे रेक्झिन बरं. बाकीच्या घरात रेक्झिन घामाला चिकटतं, म्हणून आम्ही सुचवत नाही.

नंतरची निगा

रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्या चार महिन्यांत ही कव्हरं धुवायला काढू नका. जाड सूत वाळत नाही, वास धरतं आणि मग बुरशी. त्या काळात रात्री गाद्या भिंतीपासून दूर, उभ्या करून ठेवा आणि पंखा चालू असेल त्या खोलीत ठेवा. धुणं दोनदा: ऑक्टोबरच्या उन्हात एकदा, मे अखेरीस एकदा. वाळत घालताना उलटं करून घाला, म्हणजे ऊन पांढऱ्या बाजूला लागतं. खळ देऊ नका, तिच्यावर कसर येते.

समुद्राला लागून घर असेल तर खाऱ्या वाऱ्याने कापडावर मीठ बसतं, आणि मीठ हवेतली ओल ओढून घेतं. असं कापड ऊन दाखवूनही चिकट लागतं. नुसत्या गोड्या पाण्यात दोन वेळा खळबळून काढलं की जातं.

तांबड्या मातीचा डाग ओला असताना चोळू नका. पूर्ण वाळू द्या, ब्रशने झाडा, मग धुवा. बुरशीचे काळे ठिपके ब्लीचने घालवायला गेलात तर ठिपक्यांबरोबर नीळही जाते. काजूच्या चिकाचा डाग पडला तर तो गेला नाहीच समजा; त्यावर दुसरा खिसा लावून देतो.

आणताना

जीन्स धुऊन, कडक वाळवून आणा. न कापता आणल्यात तर जास्त बरं. मजुरी कव्हराच्या आकारापेक्षा जोडांच्या संख्येवर ठरते, त्यामुळे चार मोठ्या जीन्स आठ लहानांपेक्षा स्वस्त पडतात. गणपतीआधी काम हवं असेल तर कापड मे महिन्यातच पोचतं करा, श्रावणात धुऊन आणलेलं कापड आमच्याकडेही वाळत नाही. खुर्च्या आणू नका, फक्त बैठका काढून आणा. पण काढण्याआधी प्रत्येक बैठकीच्या खाली आणि तिच्याच खुर्चीच्या चौकटीवर पेन्सिलने एकच आकडा लिहा. जुन्या सुताराने हाताने केलेल्या सहा खुर्च्यांत स्क्रूची भोकं सहा ठिकाणी असतात.