सलग इंग्रजी बोलण्यातील शब्द-ओळख

छापील मजकुरात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते, बोलण्यात ती नसते. ध्वनींच्या अखंड ओघातून शब्द सुटे करण्याचे काम ऐकणाऱ्यालाच करावे लागते. इंग्रजी ज्याची पहिली भाषा नाही असा श्रोता हे काम कसे करतो, हा मनोभाषाविज्ञानातील, म्हणजे मन भाषा कशी हाताळते हे पाहणाऱ्या शास्त्रातील, अभ्यासविषय आहे.

इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही केवळ ध्वनी पुरत नाहीत. १९६० च्या दशकात पोलॅक आणि पिकेट या संशोधकांनी ध्वनिमुद्रित गप्पांमधून एकेक शब्द कापून ऐकवला, तेव्हा जवळपास निम्मेच शब्द ओळखले गेले. शिवाय ‘स्टार्ट’ ऐकताना ‘स्टार’, ‘टार्ट’ आणि ‘आर्ट’ हे शब्दही मनात क्षणभर जागे होतात आणि त्यांच्यात चुरस लागते.

शब्द कुठे सुरू होतो हे ठरवताना इंग्रजीभाषकांना आघाताचा, म्हणजे एखाद्या अक्षरावर दिलेल्या जोराचा, मोठा आधार मिळतो. इंग्रजी संभाषणातील सुमारे ९० टक्के आशयवाचक शब्दांचे (नाम, क्रियापद यांसारख्या अर्थ वाहणाऱ्या शब्दांचे) पहिले अक्षर ठळक उच्चारले जाते, असे ॲन कटलर आणि डेव्हिड कार्टर यांनी १९८७ मध्ये दाखवले. ठळक अक्षर आले की नवा शब्द, हा अंदाज म्हणूनच बहुधा बरोबर ठरतो. फ्रेंच श्रोते मात्र अक्षरांच्या, तर जपानी श्रोते मात्रांच्या (अक्षराहून लहान उच्चार-एककांच्या) आधाराने बोलणे तोडतात आणि इंग्रजी ऐकतानाही ती सवय सुटत नाही. हा बुद्धीचा दोष नव्हे. बालपणी कान आपल्या भाषेसाठी घडतो, त्याचाच हा परिणाम.

स्वरभेदांचेही तसेच. डच भाषेत ‘पॅ’ आणि ‘पे’ यांतल्या स्वरांसारखा भेद नाही. वेबर आणि कटलर यांच्या २००४ च्या प्रयोगात इंग्रजी ‘पॅन्डा’ ऐकू येताच डच श्रोत्यांची नजर समोरच्या चित्रांपैकी पेन्सिलीच्या चित्राकडेही वळली. ‘पेन्सिल’ ऐकताना मात्र ती पॅन्डाकडे तशी वळली नाही. म्हणजे जो शब्द उच्चारलाच नव्हता, तोही चुरशीत उतरला होता.

सर्वांत जास्त अडतात ते छोटे शब्द. ‘टू’, ‘ऑफ’, ‘हॅव’ भरभर बोलण्यात पुसट होतात. ‘नेक्स्ट डे’चे ‘नेक्स डे’ होते, ‘टेन बाइक्स’चे ‘टेम बाइक्स’. हे शब्द शिकणाऱ्याला अगदी सुरुवातीपासून ठाऊक असतात, तरी जॉन फील्ड यांच्या २००८ च्या अभ्यासात ते आशयवाचक शब्दांपेक्षा कमी टिपले गेले. शब्द वाचून ओळखता येणे आणि ओघात ऐकून ओळखता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. शब्दसंग्रहाच्या चाचण्या बहुतेकदा पहिलेच तपासतात, आणि ऐकताना अडणाऱ्याला आपले इंग्रजीच कच्चे आहे असे उगाच वाटत राहते.

कान पुन्हा घडवता येतो. मिटेरर आणि मॅक्वीन यांनी २००९ मध्ये डच प्रेक्षकांना अनोळखी उच्चार-धाटणीच्या इंग्रजीतील चित्रफिती दाखवल्या. इंग्रजी उपशीर्षके वाचत पाहणाऱ्यांना त्याच वक्त्यांची नवी वाक्ये नंतर अधिक चांगली ऐकू आली. डच उपशीर्षके वाचणाऱ्यांना मात्र नवी वाक्ये ओळखणे उलट जड गेले.