मेलानोमा पेशींवरील गँग्लिओसाइडांची प्रतिपिंडांद्वारे ओळख

मेलानोमा हा त्वचेतील रंगद्रव्य बनवणाऱ्या मेलानोसाइट पेशींचा कर्करोग. या पेशींच्या पटलात गँग्लिओसाइड जातीची ग्लायकोलिपिडे, म्हणजे शर्करा जोडलेले मेद, असतात. त्यांचे मेदाचे टोक पटलात रुतलेले असते, तर सायलिक आम्ल (एक आम्लधर्मी शर्करा) धारण करणारी शर्करासाखळी बाहेर असते. निरोगी मेलानोसाइटवर मुख्यत्वे जीएम३ आढळते. त्यात सायलिक आम्लाचा एकच रेणू असतो. त्याला दुसरा जोडला गेला की जीडी३ बनते. मेलानोमात हे जीडी३ विपुल असते. इतका बारीक फरक हेरता आला तो मोनोक्लोनल प्रतिपिंडांमुळे, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून मिळणाऱ्या, एकाच लक्ष्याला चिकटणाऱ्या एकसारख्या प्रतिपिंडांमुळे.

कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये हे तंत्र दिल्यावर न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग केंद्रातील लॉइड ओल्ड यांच्या गटाने उंदरांना मानवी मेलानोमा पेशी टोचून अनेक प्रतिपिंडे मिळवली. १९८० मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यांतले आर२४ सर्वांत गाजले. ते नेमके जीडी३ला चिकटते, हे १९८२ मध्ये दाखवले गेले.

लक्ष्य प्रथिन नसून ग्लायकोलिपिड आहे हे ठरवायला वेगळी वाट धरावी लागते. पेशींतील मेद क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये उतरवून घेतात, सिलिकाच्या पातळ थरावर घटक वेगळे करतात आणि त्याच थरावर प्रतिपिंड सोडतात. ते ज्या पट्ट्यावर बसेल तो प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंडाचे लक्ष्य. मग सायलिक आम्ल तोडणारे न्यूरामिनिडेझ हे विकर वापरून पुन्हा पाहतात. चिकटणे थांबले, तर प्रतिपिंडाला सायलिक आम्ल लागतेच, हे कळते. ऊतकाचे काप तपासताना मात्र जपावे लागते. मेणाचे ठोकळे करताना वापरले जाणारे अल्कोहोल आणि झायलीन मेदच धुऊन नेऊ शकतात, म्हणून गोठवलेले काप बरे. रोजच्या निदानात एस-१००, एचएमबी-४५, मेलान-ए अशा प्रथिन-खुणांवरच भर असतो, यामागे हीही एक अडचण आहे.

शिवाय जीडी३ ही कर्करोगाची खास मक्तेदारी नाही; काही चेतापेशी आणि टी-लसीका पेशींवरही ते असते. त्यामुळे ‘आहे की नाही’ यापेक्षा ‘किती दाट’ हा प्रश्न अधिक कामाचा. एम२५९० या प्रतिपिंडाने तो ठळक केला. उंदराच्या बी१६ मेलानोमाविरुद्ध तयार झालेले हे प्रतिपिंड चक्क जीएम३लाच, म्हणजे सामान्य पेशींवरही असणाऱ्या रेणूला, ओळखते. पण त्याची घनता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तरच ते चिकटते, असे हाकोमोरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडले.

ओळखीतून उपचाराचाही प्रयत्न झाला. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर२४च्या पहिल्या चाचणीत १२ रुग्णांपैकी ३ जणांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. मात्र रुग्णांची शरीरे उंदराच्या प्रथिनाविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडे बनवू लागली. मेलानोमावरही सापडणाऱ्या जीडी२ या भावंडाविरुद्धचे डिनुटुक्सिमॅब हे प्रतिपिंड २०१५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, तेही मेलानोमासाठी नव्हे, तर मुलांमधील न्यूरोब्लास्टोमा या अपरिपक्व चेतापेशींच्या कर्करोगासाठी.