हिज्कीयाचा बोगदा

यरुशलेममध्ये दावीदनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकडीच्या पोटातून खोदलेला प्राचीन जलमार्ग. लांबी ५३३ मीटर. गीहोन झऱ्याचे पाणी तो शिलोह तळ्यात नेतो. यहूदाचा राजा हिज्कीया याने तळे व पाट बांधून नगरात पाणी आणले, असे बायबल सांगते (२ राजे २०:२०). अश्शूर या तेव्हाच्या बलाढ्य साम्राज्याचे सैन्य आले तर त्याला आयते पाणी मिळू नये, हे कारणही बायबलच्याच दुसऱ्या ग्रंथात दिले आहे (२ इतिहास ३२). बायबलमधले एखादे वाक्य हाताने चाचपून पाहता येईल अशा जागा फार थोड्या. ही त्यांतली एक.

बोगदा सरळ नाही, नागमोडी आहे. दोन्ही टोकांच्या उंचीत फरक जेमतेम ३० सेंटिमीटरचा, तरीही पाणी आजतागायत वाहते. १८८० साली तळ्याकडच्या तोंडाजवळ भिंतीवर सहा ओळींचा प्राचीन हिब्रू लेख मुलांच्या नजरेस पडला. खोदणाऱ्यांच्या दोन तुकड्या समोरासमोरून येत होत्या. तीन हात खडक उरला असताना पलीकडून हाक ऐकू आली, मग टिकाव टिकावाला भिडला आणि पाणी बाराशे हात वाहत गेले, असा त्याचा आशय. त्यात राजाचे नाव नाही, देवाचेही नाही. आहे ती कष्टकऱ्यांनी एकमेकांना घातलेली साद, आणि म्हणूनच हा लेख इतका जिवंत वाटतो. तो सापडला तेव्हा यरुशलेम उस्मानी तुर्कांच्या अंमलाखाली होते. लेख आज इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

राजाचे नाव नसल्याने काळाचा वाद झाला. काहींनी बोगदा कित्येक शतके अलीकडचा ठरवला. २००३ साली गिलाव्यात अडकलेल्या वनस्पतींचे कार्बनमापन आणि आतल्या चुनखडी निक्षेपाचे युरेनियम-थोरियम मापन, अशी वय ठरवणारी दोन मापने प्रसिद्ध झाली. दोन्हींचा कौल इ.स.पू. ७०० च्या आसपासचा, म्हणजे हिज्कीयाच्या काळाशी जुळणारा आहे. काम त्याच्या आधीच सुरू झाले असावे, असे मानणारे उत्खननकारही आहेत.

अश्शूरची बाजू वेगळ्या साधनांतून कळते. अश्शूरचा राजा सन्हेरीब याने इ.स.पू. ७०१ मध्ये यहूदावर स्वारी केली. ४६ तटबंद नगरे जिंकली आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखे यरुशलेमात कोंडले, असे त्याच्या मातीच्या षट्कोनी स्तंभावर कोरले आहे. हिज्कीयाने दिलेल्या खंडणीचे सोने बायबल आणि स्तंभ दोन्हीकडे ३० किक्कार (वजनाचे प्राचीन माप). चांदी मात्र बायबलमध्ये ३०० आणि स्तंभावर ८००. देवदूताने एका रात्रीत अश्शूरचे सैन्य मारल्याची बायबलमधली कथा उत्खननाच्या कक्षेत येत नाही. पण यरुशलेम पडल्याचा दावा सन्हेरीबही करत नाही. निनवे या आपल्या राजधानीतील महालाच्या दालनात त्याने भिंतभर कोरून घेतला तो लाखीश या यहूदातल्या दुसऱ्या नगराचा पाडाव.