माकड मेल्याची खबर: साथरोगतज्ज्ञाच्या कामाची पार्श्वभूमी

2016 च्या सुरुवातीला गोव्याच्या सीमेवरच्या दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे, म्हणजे गोचिडीच्या चावण्यातून होणाऱ्या विषाणूतापाचे, रुग्ण सापडू लागले, तेव्हा सिंधुदुर्गात हे नाव नवं होतं. पुण्यात मात्र जुनं होतं. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडत होती आणि आसपासची गावं तापाने फणफणली होती. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचे (एनआयव्ही), टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी तिथे धावले ते माकडांनाही मारणारा पीतज्वर (यलो फीवर) भारतात शिरला की काय या धास्तीने. हाती लागला तो वेगळाच विषाणू, रशियातल्या गोचीडतापाच्या कुळातला. तो पक्ष्यांबरोबर आला असेल का, हे शोधायला पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने (बीएनएचएस) जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांच्या पायांत ओळखीच्या कड्या घातल्या. आजार माणसाचा, पण त्याचा माग काढायला माकडं, गोचिडी आणि पक्षी सगळेच धुंडाळावे लागले.

त्या काळातलं सगळ्यात मोलाचं काम मला याच आजाराचे अभ्यासक होर्हे बोशेल यांचं वाटतं. जंगल तोडून शेती झाली, कडेला गुरं चरायला लागली की गोचिडी वाढतात आणि माणसाच्या वाटेवर येतात, हे त्यांनी दाखवून दिलं. कोकणात ते वाचताना काजू आठवल्याशिवाय राहत नाही. 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून इथल्या वरकस जमिनींवर काजू उभा राहिला. घरात पैसा आला, ते चांगलंच झालं. पण बऱ्याच बागा थेट रानाला भिडल्या. हंगामात बाया वाकून पालापाचोळ्यातले बोंडू, म्हणजे काजूची फळं, उचलतात, बी पिळून वेगळी करतात. पाचोळ्यातली गोचिडीची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, चावली तरी कळत नाहीत. तीन ते आठ दिवसांनी एकाएकी ताप भरतो, डोकं ठणकतं, काहींना हिरड्यांतून रक्त येतं. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. सीमेपलीकडे गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या पाळी गावात 2015 मध्ये काजूच्या मजुरांनाच हा ताप आला होता.

माकडताप माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे त्याची जगभर साथ पसरायची नाही. पण असा आजार वेळेत ओळखणारी जी साखळी लागते, तीच उद्याची महासाथही रोखणार आहे. 2018 मध्ये केरळात कोझिकोडला तेच झालं. डॉक्टरांना शंका आली, नमुने मणिपाल आणि पुण्याला गेले, आणि वटवाघळांकडून माणसात येणारा निपाह विषाणू दोन जिल्ह्यांपलीकडे गेला नाही.

अशी शंका घेणारी, तिचा पाठपुरावा करणारी माणसं तयार करण्याचा प्रघात अमेरिकेत 1951 मध्ये साथरोगतज्ज्ञ अलेक्झांडर लँगम्यूर यांनी पाडला. 1980 मध्ये थायलंडने तो उचलला. 2001 पासून चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेत असं शिक्षण मिळू लागलं. गाव आणि तालुका हीच त्यातली शाळा. 2004 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला आणि पुढे त्यातून जिल्ह्याला साथरोगतज्ज्ञ मिळाला.

मिळाला, पण बहुतेक ठिकाणी करारावर. याचा मला राग येतो. आशाताईने सांगितलेलं मेलेलं माकड, वनखात्याचा पंचनामा, त्या जागेभोवती मॅलॅथिऑन हे गोचिडी मारणारं औषध टाकणं, वाडीतल्या तापाच्या रुग्णांचं रक्त तपासणीला धाडणं, हे सगळं माणसांच्या ओळखीवर चालतं. वाडीवाडीतली ही ओळख जमायला वर्षं लागतात. दरवर्षी नव्या ऑर्डरची वाट बघणाऱ्याने ती कधी जमवायची? गरीब देशांत हेच पुनःपुन्हा घडतं: साथ आली की निधी येतो, साथ गेली की पदं जातात.

दोडामार्गात आणखी एक पेच आहे. इथला रुग्ण बळावला की घरचे त्याला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापेक्षा गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेणं पसंत करतात. निदान एका राज्यात होतं, गोचिडी दुसऱ्या राज्यात असतात. त्याच्या वाडीत दुसऱ्या दिवशी फवारणी आणि तपासणी व्हायची, तर बांबोळीहून ओरोसला त्याच संध्याकाळी फोन जायला हवा, आणि तो उचलायला तिथे कायम नेमलेलं माणूस हवं.