कोंडिविट्याचा पत्ता कोणत्या नकाशात?

मुंबईत अंधेरीला सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाआत एका चर्चच्या भिंती उभ्या आहेत. छप्पर केव्हाच गेलं. १५७९ सालचं, पोर्तुगीज अमलातलं हे बांधकाम. १८४० मध्ये साथ आली, कोंडिविटा या इथल्या गावाची माणसं शेजारच्या मरोळला सरकली आणि चर्च मागे राहिलं. आज रस्त्यावरून त्या वस्तीचा अंदाज येत नाही. तो घ्यायचा तर जुने नकाशे उलगडावे लागतात, आणि एकाच जातीचे नव्हे.

पहिली जात टोपोशीटची, म्हणजे जमिनीचे चढउतार, पाणी, वाटा दाखवणाऱ्या नकाशाची. ती काढणारा भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासूनचा. १८०२ मध्ये लॅम्बटन या ब्रिटिश अधिकाऱ्याने मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे पुढच्या मोजणीचा आधार ठरणारी सरळ रेषा, मोजली आणि तिथून त्रिकोणांचं जाळं डोंगरमाथ्यांवरून देशभर पसरलं. पुढे त्याच आधारावर इंचाला मैल या प्रमाणाची शीटं निघाली. गावाचा इतिहास जपावा असा त्यात हेतू कुठला? फौजेला पाणी, वाट, चढ हवे होते. पण त्यापायीच विहिरीचं इवलंसं निळं वर्तुळ, ताडाची झाडं, देऊळ, गाडीवाट सगळं टिपलं गेलं. उपनगरांचा बराच भाग ४७ ए/१६ या शीटवर येतो. सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी समोच्च रेषा, पिवळी शेतं, आणि गाव म्हणजे लाल ठिपका.

त्या ठिपक्याच्या आत शिरायचं तर दुसरी जात हवी, महसुली गावनकाशा. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जी मोजणीची पद्धत बसवली, तीच पुढे मुंबई इलाख्यात चालली. जमीन मोजायला ३३ फुटी साखळी, तिला शंकू साखळी म्हणत. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. शीव, पाणंद, खाजण, सर्व्हे नंबर इथे सापडतात. डोंगर मात्र इथे सपाट.

तारखेत हमखास फसगत होते. शीटवरचं छपाईचं साल वेगळं, मोजणीचं वेगळं. दोन्ही सालं शीटच्या कोपऱ्यात वाचून मगच बोलावं. इथून जवळचा विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला, तेव्हा तलाव दाखवणारी मोजणी त्याआधीची नाही, एवढं तरी पक्कं.

किनाऱ्यालगतची शीटं कित्येक वर्षं सर्वसामान्यांना बंद होती. गंमत अशी की त्याच सर्वेक्षणावरून अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात काढलेले लहान प्रमाणाचे, म्हणजे कमी तपशिलाचे, नकाशे कुणालाही पाहता येत. २०२१ मध्ये आपल्याकडचे नियम बरेच सैल झाले.

नावांचं काय? ती कानावर पडली तशी रोमनमध्ये लिहिली गेली, म्हणून मोठ्याने वाचावी लागतात. मी एकदा एक शीट मोठं छापून मरोळ गावठाणात नेलं. एका आजींनी ना नाव वाचलं, ना प्रमाण विचारलं. चष्मा वर केला आणि बोट टेकवलं ते एका निळ्या वर्तुळावर. म्हणाल्या, "ही आमची बाव."